फायरवॉलच्या मागे ठेवलेल्या व्हीपीएन बॉक्सपर्यंत ट्रॅफिक पोचत नाही, मदत हवी

वारणाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी एका तालुका दूध संघाचं कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो. संघाची गावोगाव संकलन केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध आलं की वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यंत्रावरून थेट केंद्रातल्या कॉम्प्युटरवर उतरतं आणि ते मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरपर्यंत यायला हवं. आजवर केंद्राचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन यायचा. आता सॉफ्टवेअर कंपनीने प्रत्येक केंद्राला एक फोर-जी राउटर आणि कार्यालयाला एक व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) बॉक्स दिलाय. बॉक्स लिनक्सचा, आत स्ट्राँगस्वान हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर, डेटा सुरक्षित नेणारं आयपीसेक आणि दोन टोकांची ओळख पटवणारं आयकेईव्ही२.

कार्यालयात पुढे आमचा पीएफसेन्स फायरवॉल आहे. त्याचा लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१०.१, व्हीपीएन बॉक्स १९२.१६८.१०.५, सर्व्हर १९२.१६८.१०.२०. केंद्रांना १०.५०.१.०, १०.५०.२.० असे पट्टे दिलेत.

कंपनीने कागदावर लिहून दिलं होतं: '५०, ५१, ५००, ४५०० उघडा.' त्याप्रमाणे पोर्ट फॉरवर्डमध्ये (बाहेरून एखाद्या पोर्टवर आलेलं आतल्या यंत्राकडे वळवायचे नियम) चारही आकडे बॉक्सकडे वळवले. केंद्रातला राउटर जोडायला लागतो, पहिलं उत्तर त्याला मिळतं, मग पुन्हा पुन्हा तोच संदेश पाठवत बसतो आणि शेवटी सोडून देतो. कंपनीला फोन केला तर 'फायरवॉल तुमचा, आमच्याकडून सगळं ओके' एवढंच उत्तर येतं. येत्या दहा दिवसांचं बिल नव्या पद्धतीनेच काढायचं ठरलंय, शेतकऱ्यांचे पैसे अडकायला नकोत. कुठून सुरुवात करू?

वायरमन | सोमवार, रात्री ९:३२

सगळ्यात आधी पब्लिक आयपी खरंच तुमच्या फायरवॉलवर आहे का ते बघा. पीएफसेन्सच्या डॅशबोर्डवर वॅनसमोर (इंटरनेटकडची बाजू) जो पत्ता दिसतो तो १९२.१६८ किंवा १०ने सुरू होत असेल तर फायबरवाल्याचं यंत्रही मधे नॅट (पत्ते बदलणं) करतंय. आणि १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर तुम्ही कॅरियर ग्रेड नॅटमागे (प्रोव्हायडरच्याच पातळीवरचं, अनेक ग्राहकांत एक पत्ता वाटणारं नॅट) आहात. मग घरात कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. त्या वेळी सरळ मार्ग म्हणजे प्रोव्हायडरकडून स्टॅटिक आयपी घ्यायचा.

फायबरच्या ओएनटीमध्ये (फायबरवाल्याने बसवलेलं यंत्र) 'व्हीपीएन पासथ्रू' नावाची खूण असते, तीही चालू करून बघा.

वारणाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

वायरमनदादा, स्टॅटिक आयपी घेतलाय. ओएनटी ब्रिजमध्ये आहे (पॅकेट नुसतं पुढे देतं, नॅट करत नाही), पीपीपीओई (प्रोव्हायडरकडे लॉगिन) पीएफसेन्सच करतो, त्यामुळे पब्लिक पत्ता थेट वॅनवर दिसतो.

पॅकेटपारखी | सोमवार, रात्री १०:२०

मग निम्मी डोकेदुखी तिथेच संपली. आता नीट सांगतो, कारण '५०, ५१, ५००, ४५००' हा कागद मी अनेक ठिकाणी पाहिलाय आणि दर वेळी त्याने माणसाचा वेळ खाल्लाय.

५० आणि ५१ हे पोर्टच नाहीत. आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये एक आकडा असतो, आत कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणारा. टीसीपीचा ६, यूडीपीचा १७, जीआरईचा ४७, आयपीसेकचा डेटा वाहणाऱ्या ईएसपीचा ५० आणि फक्त सही करणाऱ्या एएचचा ५१. पोर्ट ही टीसीपी-यूडीपीच्या आतली गोष्ट. ईएसपीला पोर्ट नसतोच. तुम्ही टीसीपीचं पोर्ट ५० बॉक्सकडे वळवलं असेल तर त्या दारातून कधीच काही येणार नाही. ते दोन्ही नियम आजच काढून टाका. एएच तर नॅटमधून जाऊच शकत नाही, कारण तो आयपी हेडरवरच्या पत्त्यासकट सही करतो आणि नॅटचं कामच पत्ता बदलणं. सही जुळत नाही, पलीकडचा पॅकेट टाकून देतो.

आता तुमच्याकडे नक्की काय घडतंय ते बघा. केंद्राचा राउटर पहिला संदेश यूडीपी ५००वर पाठवतो. त्या पहिल्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजू आपापल्या पत्त्याचा आणि पोर्टचा हॅश (गणिती ठसा) एकमेकांना देतात. समोर आलेलं पॅकेट आणि हॅश जुळला नाही, की मधे नॅट आहे हे दोघांना कळतं. तुमच्याकडे तर दोन्ही टोकांना नॅट आहे, केंद्राकडे मोबाइल कंपनीचं आणि तुमच्याकडे पीएफसेन्सचं. नॅट सापडलं की पुढचं सगळं, म्हणजे ओळख पटवण्याचा टप्पा आणि नंतरचा खरा डेटा, यूडीपी ४५००वर सरकतं. ईएसपी त्या यूडीपीच्या पोटात बसून प्रवास करतो, म्हणून ईएसपी वेगळा सोडायची तुम्हाला गरज नाही. ईएसपी यूडीपीत बसवण्याचं हे २००५ सालच्या आरएफसी ३९४८ या इंटरनेट मानकात ठरलेलं आहे.

'पहिलं उत्तर मिळतं, मग अडकतं' हे लक्षण म्हणजे ५०० पोचतंय आणि ४५०० नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, पॅकेट बघा. पीएफसेन्समध्ये डायग्नोस्टिक्स → पॅकेट कॅप्चर. आधी वॅनवर, पोर्ट ४५००. केंद्राच्या माणसाला राउटर बंद-चालू करायला सांगा. मग तेच लॅनवर, होस्ट १९२.१६८.१०.५ टाकून. वॅनवर दिसलं आणि लॅनवर दिसलं नाही तर दोष फायरवॉलच्या नियमात. दोन्हीकडे दिसलं आणि उत्तर नाही तर दोष बॉक्समध्ये. वॅनवरच दिसलं नाही तर फायबरवाला किंवा मोबाइल कंपनी. एवढं केलंत की कोणाशी भांडायचं ते तरी ठरेल.

वायरमन, 'पासथ्रू'ची खूण मागच्या बाजूचा माणूस बाहेरच्या व्हीपीएनला जोडत असेल तेव्हाची आहे. बाहेरून आत यायला तिचा उपयोग नाही, आणि इथे ओएनटी ब्रिजमध्ये असल्याने तिचा प्रश्नच येत नाही.

वारणाकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

पारखीसाहेब, सकाळचं संकलन चालू असतानाच केंद्रावरच्या पोराला फोनवर धरून केलं. वॅनवर ५००चं पॅकेट येतं, जातं. त्यानंतर ४५००वर एकामागून एक पॅकेट येताना दिसतात, सगळी यूडीपी. लॅनवर मात्र ५००चीच दिसतात, ४५००चं एकही नाही. नियमात ४५०० आहे, मी परत उघडून पाहिलं. सोबतचा फिल्टर नियमही आपोआप तयार झालाय.

पॅकेटपारखी | मंगळवार, सकाळी ८:१५

त्या नियमात 'प्रोटोकॉल'च्या रकान्यात काय आहे? पीएफसेन्स नवा पोर्ट फॉरवर्ड उघडताना तिथे टीसीपी देतो. ५००ला तुम्ही यूडीपी केलं असणार आणि ४५००ला टीसीपी राहिलं असणार.

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक, सोर्स पोर्ट 'एनी' ठेवा. काही जण सोर्सलाही ५०० आणि ४५०० लिहितात, वाचायला ते बरोबर वाटतं. पण मोबाइल कंपनीचं नॅट केंद्राच्या राउटरचा सोर्स पोर्ट बदलून भलताच आकडा देतं, तो तुमच्या नियमात बसत नाही. एकाच पब्लिक पत्त्यामागून तुमची तीन केंद्रं आली तरी बॉक्सला ती वेगळी ओळखता येतात ती याच बदललेल्या सोर्स पोर्टमुळे.

दुसरं, फिल्टर नियम हाताने लिहिलात तर डेस्टिनेशनमध्ये पब्लिक आयपी टाकू नका, १९२.१६८.१०.५ टाका. पीएफसेन्समध्ये नॅट आधी होतं, नियम नंतर तपासला जातो. तोपर्यंत पॅकेटवर आतला पत्ता चढलेला असतो. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्येही तसंच, प्रीराउटिंगमध्ये पत्ता बदलतो आणि फॉरवर्डच्या साखळीला बदललेला पत्ताच दिसतो. सिस्को एएसएमध्ये ८.३च्या आधीच्या आवृत्त्यांत बाहेरचा पत्ता लिहावा लागायचा, ८.३पासून तिथेही आतला. जुन्या सवयीचा माणूस इथे हमखास अडतो.

वारणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०५

टीसीपीच होतं. यूडीपी केलं, सेव्ह केलं, अप्लाय केलं आणि मिनिटाच्या आत पहिलं केंद्र जोडलं गेलं! बॉक्सवर 'एस्टॅब्लिश्ड' दिसलं. मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं: आधी जुना बॉक्स होता तेव्हा ५०० त्याच्या १९२.१६८.१०.४ पत्त्याकडे वळवलं होतं. नवीन केल्यावर दोन केंद्रं अजून जुन्याच पत्त्याकडे जाताना लॅनवर दिसतात. असं का?

पॅकेटपारखी | मंगळवार, सकाळी ९:३०

अभिनंदन. त्या दोन केंद्रांची जुनी स्टेट (चालू संवादाची नोंद) फायरवॉलच्या तक्त्यात जिवंत आहे. नियम फक्त नव्या संवादाच्या पहिल्या पॅकेटला तपासला जातो, पुढची पॅकेट स्टेटच्या आधाराने जातात. यूडीपीत संवाद संपल्याची खूण नसते, काही काळ शांतता असली तरच स्टेट मरते. राउटर दर काही सेकंदांनी परत प्रयत्न करतो, त्यामुळे शांतता होतच नाही. डायग्नोस्टिक्स → स्टेट्समध्ये १९२.१६८.१०.४ शोधा आणि तेवढ्याच स्टेट मारा. सगळा तक्ता पुसू नका, कार्यालयातलं बाकी काम क्षणभर तुटेल.

वारणाकाठ | मंगळवार, दुपारी २:४०

त्या मारल्या, दोन्ही केंद्रं आली. आता नवं संकट. टनेल (व्हीपीएनची जोडणी) उभा आहे, पण केंद्रातलं सॉफ्टवेअर सर्व्हरशी जोडलं जात नाही. सर्व्हरवर आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर गेटवे पीएफसेन्सचाच आहे. कंपनीच्या सांगण्यावरून पीएफसेन्सवर स्टॅटिक रूट टाकला: १०.५०.०.०/१६ (१०.५०ने सुरू होणारे सगळे पत्ते) साठी गेटवे १९२.१६८.१०.५. त्यानंतर सर्व्हरवरून केंद्राच्या कॉम्प्युटरला पिंग (पोचतंय का ते बघणारं छोटं पॅकेट) जातो आणि उत्तरही येतं. केंद्राकडून सॉफ्टवेअर उघडलं की 'सर्व्हर सापडत नाही'. पिंग होतोय म्हणजे रस्ता आहे ना? मग सॉफ्टवेअर का नाही?

निळावंती | मंगळवार, दुपारी ३:३०

वारणाकाठ, हे मी माझ्या कामात बरेच वेळा सोडवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा रूट बरोबर आहे, जागा चुकतेय.

केंद्राचं पॅकेट कसं येतं ते बोटाने रेघ मारत बघा. टनेलमधून बॉक्सवर उतरलं. बॉक्स आणि सर्व्हर एकाच स्विचवर, एकाच १९२.१६८.१०च्या पट्ट्यात. त्यामुळे बॉक्स ते पॅकेट थेट सर्व्हरला देतो, पीएफसेन्सला त्याची खबरही नसते. सर्व्हर उत्तर देतो. त्याला १०.५० कुठे आहे माहीत नाही, म्हणून तो उत्तर गेटवेकडे, म्हणजे पीएफसेन्सकडे पाठवतो. पीएफसेन्स बघतो, हे टीसीपीचं 'हो, मान्य' असं उत्तर आहे, पण मूळ विनंती माझ्यासमोरून कधी गेलीच नाही. संघाच्या गेटवर आवक नोंद नसलेला टँकर बाहेर पडायला लागला तर पहारेकरी जे करेल तेच तो करतो, अडवतो. फायरवॉलच्या लॉगमध्ये सर्व्हरकडून केंद्राकडे जाणारी अडवलेली पॅकेट तुम्हाला दिसतील, फ्लॅगच्या जागी 'एसए' लिहिलेलं.

मग तुमचा पिंग का चालला? तो तुम्ही सर्व्हरकडून सुरू केलात. विनंती पीएफसेन्समधून गेली, तिथे नोंद झाली, उत्तर बॉक्सकडून थेट सर्व्हरला आलं. पिंगला तेवढं पुरतं. टीसीपीला दोन्ही दिशांची पॅकेट त्याच फायरवॉलने पाहिलेली असावी लागतात.

उपाय तीन. पीएफसेन्समध्ये सिस्टीम → ॲडव्हान्स्ड → फायरवॉल अँड नॅटमध्ये एक खूण आहे, एकाच इंटरफेसवरून आत येऊन त्याच इंटरफेसने बाहेर जाणाऱ्या स्टॅटिक रूटच्या ट्रॅफिकला नियम लावू नका अशी. ती चालू केली की आज संध्याकाळचं संकलन पार पडेल. दुसरा, सर्व्हरवरच १०.५०.०.०/१६ चा रूट टाकायचा, एकच सर्व्हर असेल तर हेही चालतं. पण तिसरा मला खरा वाटतो: बॉक्सला फायरवॉलचा वेगळा पाय (स्वतंत्र इंटरफेस) द्या. पीएफसेन्सच्या यंत्रात रिकामं लॅन पोर्ट असेल तर ते, नाहीतर मॅनेज्ड स्विचवर वेगळी व्हीलॅन (त्याच स्विचवरचं निराळं आभासी नेटवर्क). बॉक्सला १९२.१६८.५०.५ असा निराळा पट्टा. मग केंद्राचं प्रत्येक पॅकेट जाताना आणि येताना पीएफसेन्समधूनच जाईल, आणि केंद्रांना सर्व्हरच्या कुठल्या पोर्टपर्यंत जाऊ द्यायचं तेही तुमच्या हातात राहील.

अंगणवेल | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

धाग्यात मधेच शिरतेय, क्षमस्व. माझं प्रकरण छोटं आहे. घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवलंय, बाहेर असताना घरच्या फाइली बघायला. राउटरवर यूडीपी ५१८२० वळवलं. ऑनलाइन पोर्ट तपासणीच्या साइटवर 'बंद' दाखवतं. वॅनचा पत्ता १००.८०ने सुरू होतो.

वायरमन | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

ताई, १००.८० म्हणजे कॅरियर ग्रेड नॅट. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२च्या आरएफसी ६५९८ने याच कामासाठी राखून ठेवलाय. आयपीव्ही४ने बाहेरून तुमच्यापर्यंत येता येणार नाही. स्टॅटिक आयपी मागा, किंवा एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन घरच्या पायने तिकडे स्वतःहून टनेल काढायचा.

निळावंती | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

त्याआधी आयपीव्ही६ बघा. बऱ्याच फायबर जोडण्यांना तो मिळतो आणि मोबाइलवर तर सर्रास असतो. तिथे नॅट नाही, पोर्ट 'वळवायचं' नाही, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पायच्या पत्त्यासाठी यूडीपी ५१८२० आत सोडायचं एवढंच. घरचा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) अधूनमधून बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव) लागेल.

पोर्ट तपासणीच्या साइटवर विसंबू नका. बहुतेक साइट टीसीपीच तपासतात. शिवाय वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला काहीच उत्तर देत नाही, अगदी 'नाही' असंही नाही. तो मुद्दाम तसा बनवलाय, आणि मला त्याचं हे गप्प राहणं फार आवडतं. पायवर टीसीपीडम्प (पॅकेट बघायचं साधन) लावून मोबाइल डेटावरून जोडून बघा, पॅकेट पोचलं की नाही ते तिथेच दिसेल.

भाड्याच्या सर्व्हरचा मार्ग घेतलात तर पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. मधल्या नॅटची यूडीपी नोंद अनेकदा ३० सेकंदांत पुसली जाते, त्याच्या आत काहीतरी जात राहिलं पाहिजे.

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:५०

निळावंतीताईंच्या वेगळ्या पायाला माझं पूर्ण समर्थन. मी सहकारी बँकेच्या आयटीत काम करतो, म्हणून सुरक्षेच्या बाजूने लिहितो.

वारणाकाठ, तुमच्या सगळ्या केंद्रांना एकच प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच दिलेला गुप्त शब्द) दिली आहे का? कंपन्या वेळ वाचवायला असं करतात. एखाद्या केंद्रातून राउटर चोरीला गेला तर ती की सगळ्या केंद्रांवर बदलावी लागेल. प्रत्येक राउटरला स्वतंत्र सर्टिफिकेट असेल तर तेवढंच रद्द करता येतं. हे आत्ताच मागून घ्या, पुढे कोणी करून देत नाही.

बॉक्सवर आयकेईव्ही१ चालू असेल तर बंद करा, विशेषतः अग्रेसिव्ह मोड. त्यात कीवरून काढलेला हॅश समोरच्याला मिळतो आणि तो घरी नेऊन शब्दकोश लावून फोडता येतो. आणि कुणी 'सोपं आहे, पीपीटीपी वापरा' म्हणालं तर ऐकू नका. टीसीपी १७२३ आणि जीआरईवर चालणाऱ्या त्या जुन्या पद्धतीचं एमएस-चॅप व्हर्जन २ हे पासवर्ड तपासण्याचं तंत्र २०१२ साली जाहीरपणे मोडून दाखवलं गेलंय. ॲपलने २०१६मध्ये आयओएस १० आणि मॅकओएस सिएरामधून ती काढूनच टाकली.

लॉगचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याची जी अट गाजली ती व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना आहे, संस्थेच्या स्वतःच्या व्हीपीएनला नाही. फायरवॉल आणि बॉक्स दोघांची घड्याळं एनटीपीने जुळवून ठेवा, नाहीतर दोन लॉग शेजारी ठेवून काही कळत नाही.

एक शंका: पीएफसेन्स स्वतःच आयपीसेक करू शकतो, आत स्ट्राँगस्वानच आहे. मग मागे वेगळा बॉक्स कशाला?

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

सह्यकडासाहेब, करार तसा आहे. बॉक्स कंपनी सांभाळते, फायरवॉल मी. केंद्रातला राउटर बिघडला तर रात्री-अपरात्री त्यांचा माणूस बॉक्सवरून बघतो. मला ही विभागणी बरी वाटते, माझ्या फायरवॉलचा पासवर्ड बाहेर द्यावा लागत नाही. की सगळ्यांना एकच आहे, सर्टिफिकेटचं उद्या लेखी मागतो.

पॅकेटपारखी | मंगळवार, रात्री १०:४०

कारण पटण्यासारखं आहे. फक्त मग पीएफसेन्सवर त्याच पब्लिक आयपीवर स्वतःचा दुसरा आयपीसेक टनेल उभारायला जाऊ नका. एका पत्त्यावरचं ५०० आणि ४५०० एकाच ठिकाणी जाऊ शकतं. कधी गरज पडलीच तर दुसरा पब्लिक आयपी घ्या.

सर्टिफिकेटवर जाताना बॉक्सची ओळख म्हणून डोमेनचं नाव द्या, आयपी नको. बॉक्सला स्वतःचा पत्ता १९२.१६८चा माहीत, केंद्राला तुमचा पब्लिक पत्ता माहीत. ओळख आयपीवर ठेवली की दोघांची गाठ पडत नाही आणि लॉगमध्ये ओळख जुळली नाही अशी तक्रार येते. शिवाय सर्टिफिकेटमुळे ४५००वरचा पहिला संदेश मोठा होतो, त्याचे तुकडे पडतात आणि काही मोबाइल नेटवर्क यूडीपीचे तुकडे गिळतात. राउटर आणि बॉक्स दोन्हींत आयकेईव्ही२ फ्रॅग्मेंटेशन चालू आहे ना ते बघा. मग तुकडे आयकेई स्वतःच करतं, रस्त्यात कोणाला करावे लागत नाहीत.

वारणाकाठ | गुरुवार, रात्री ८:३०

मंडळी, खबर. बॉक्सला वेगळं पोर्ट दिलं, १९२.१६८.५०.५. पोर्ट फॉरवर्डचे दोन्ही नियम आणि स्टॅटिक रूट नव्या पत्त्यावर नेले. त्या पायावर नियम लिहिला: १०.५०.०.०/१६कडून सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं पोर्ट आणि पिंग, बाकी आतल्या नेटवर्ककडे काही नाही. सॉफ्टवेअर उघडलं. आज संध्याकाळचं संकलन थेट सर्व्हरवर आलं, पेनड्राइव्हशिवाय.

दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. दुधाची एकेक नोंद लगेच जाते, पण केंद्राने दहा दिवसांचा उतारा उघडला की स्क्रीन अर्धी भरून गोठते. आणि एक केंद्र अजिबात जोडलं जात नाही. तिथे फोर-जीला रेंज नाही म्हणून आमच्याच फायबरवाल्याची जोडणी घेतली आहे. त्याचं ५००चं पॅकेटही फायरवॉलपासून पुढे जात नाही.

निळावंती | गुरुवार, रात्री ९:००

छोटं जातं, मोठं अडतं: एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). पीपीपीओईने तुमच्या १५००मधले ८ बाइट खाल्ले, राहिले १४९२. त्यावर बाहेरचं आयपी हेडर, यूडीपी, ईएसपी, पॅडिंग हे सगळं मिळून साधारण ६० ते ८० बाइट. केंद्राच्या विंडोजवरून सर्व्हरला तुकडे न करता पिंग करून बघा, १४७२ आकाराचा जाणार नाही, १३००चा जाईल. बॉक्सच्या पायाच्या इंटरफेसवर एमएसएसच्या (टीसीपीच्या एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) रकान्यात १४०० लिहा. पीएफसेन्स त्यातून स्वतः ४० वजा करतो आणि टीसीपीला १३६०वर बांधतो. तिथे थेट १३६० लिहिलंत तर १३२० होईल. चालेल, पण उगाच लहान.

पॅकेटपारखी | गुरुवार, रात्री ९:२५

त्या एका केंद्राचं सांगतो. वॅनवर कॅप्चर लावा आणि त्या केंद्राचा सोर्स पत्ता बघा. १००.६४च्या पट्ट्यातला असेल अशी माझी अटकळ आहे. दोन्ही जोडण्या एकाच फायबरवाल्याच्या. त्याच्या नेटवर्कमधलं पॅकेट बाहेर जातच नाही, म्हणून ते त्याच्या नॅटमधूनही जात नाही, मूळ पत्त्यानिशी तुमच्या दारात येतं. आणि पीएफसेन्सच्या वॅनवर 'ब्लॉक बोगॉन नेटवर्क्स'ची (इंटरनेटवरून येऊ नयेत असे पत्ते अडवणारी) खूण असेल तर त्या यादीत हा पट्टा असतो. ती खूण तुमच्या नियमांच्या आधी लागू होते, म्हणून पोर्ट फॉरवर्ड कितीही बरोबर असला तरी पॅकेट तिथेच मरतं. फायरवॉलच्या लॉगमध्ये अडवण्याचं कारणही तसंच लिहिलेलं दिसेल.

वारणाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:१०

पारखीसाहेब, लॉगमध्ये अगदी तसंच, '१००.७२' आणि कारण बोगॉन. खूण काढली, केंद्र लगेच जोडलं. काढण्याने काही धोका वाढला का?

एमएसएस १४०० टाकला, उतारा उघडतो, प्रिंटही निघते.

पॅकेटपारखी | शुक्रवार, सकाळी १०:३०

फार नाही. वॅनवर तुम्ही आत सोडलेलं फक्त यूडीपी ५०० आणि ४५००, बाकी सगळं मुळातच बंद आहे. हवं तर बोगॉनमधले उरलेले पट्टे अडवणारा नियम स्वतः लिहून सगळ्यात वर ठेवा, १००.६४.०.०/१० वगळून.

वारणाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:५५

लिहितो. आता कंपनी म्हणते, बॉक्स सांभाळायला त्यांना वॅनवरून पोर्ट २२ही त्याच्याकडे वळवून हवंय, म्हणजे एसएसएचने थेट येता येईल. देऊ का?

सह्यकडा | शुक्रवार, सकाळी ११:२०

देऊ नका. त्यांचा माणूस बॉक्सवर येणार ना, मग त्याच व्हीपीएनने येऊ दे. बॉक्सवर त्याच्यासाठी वेगळं सर्टिफिकेट आणि वेगळा पट्टा, समजा १०.५०.२५०.०/२४, आणि त्या पट्ट्यातून फक्त बॉक्सचं पोर्ट २२. बॉक्सवरचा हा नियम कंपनीलाच टाकावा लागेल, तसं लेखी घ्या. तुमचा आत्ताचा नियम पूर्ण १०.५०.०.०/१६ला सर्व्हरचं पोर्ट देतो, म्हणून पीएफसेन्सवर त्याच्या वर या पट्ट्याला अडवणारा नियम घाला. व्हीपीएनच पडलं तर काय, असं ते नक्की विचारतील. तेव्हा तुम्ही फोनवरून त्यांच्या कार्यालयाच्या स्टॅटिक पत्त्यापुरतं पोर्ट २२ उघडा आणि काम झालं की बंद करा. पीएफसेन्समध्ये नियम लिहून निष्क्रिय ठेवता येतो, एका टिचकीत चालू होतो.

वारणाकाठ | शुक्रवार, दुपारी १२:०५

नियम लिहून निष्क्रिय ठेवला आणि त्यांना मेल केली. सर्टिफिकेटची मागणीही त्याच मेलमध्ये घातली आहे.